सायलेन्सर कापावा, की बदलावा?

वाचकाचे पत्र

माझ्याकडे २०२२ साली घेतलेली रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. मी रत्नागिरीजवळ राहतो आणि घर ते कार्यालय असा तीन-साडेतीन किलोमीटरचा प्रवास रोज गाडीने करतो. यंदाच्या पावसाळ्यानंतर सायलेन्सरला खालच्या बाजूने गंजून भोक पडले असून आवाज फाटल्यासारखा येऊ लागला आहे. आमच्या गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की वेल्डिंगसाठी सायलेन्सर कापायचाच आहे, तर आतली पुंगळी आणि जाळ्याही काढून टाकाव्यात, म्हणजे ‘बेस’ येईल आणि पिकअपही वाढेल. मित्राचे मत वेगळे आहे. तो म्हणतो, जुन्याला हात लावू नकोस, बाजारातला स्लिप-ऑन, म्हणजे मूळच्या पाईपवर चढवायचा फक्त मागचा, सायलेन्सर घे. कंपनीचा नवा सायलेन्सर मला महाग वाटतो. वडिलांकडे पूर्वी जुनी बुलेट होती आणि तिच्या डगडग आवाजाची ओढ मला अजून आहे, हेही मोकळेपणाने सांगतो. मी काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसत असला, तरी त्यात तीन निराळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत: गंजलेला भाग दुरुस्त करणे, गाडीची ताकद वाढवणे आणि लहानपणी कानात बसलेला आवाज परत मिळवणे. पहिली गोष्ट गरजेची आहे. दुसरी या मार्गाने होणार नाही. तिसरीचा संबंध सायलेन्सरपेक्षा इंजिनाशी अधिक आहे, आणि ते इंजिन तुमच्या गाडीत नाही.

म्हणून निर्णय आधीच सांगतो. आतली पुंगळी आणि जाळ्या कोणत्याही परिस्थितीत काढू देऊ नका. भोक लहान असेल आणि आतला भाग सैल झालेला नसेल, तर सायलेन्सर गाडीवरून पूर्ण उतरवून त्या जागी बाहेरून पत्रा जोडून घ्या. भोकाभोवतीचा पत्राच पातळ झालेला असेल, तर कंपनीचा नवा सायलेन्सर बसवा. तुमच्या मित्राचा सल्ला गॅरेजवाल्याच्या सल्ल्यापेक्षा निश्चित शहाणपणाचा आहे, पण आपल्या रस्त्यांसाठी मी त्याचीही शिफारस करणार नाही.

आधी गंजाविषयी लिहितो, कारण तो का लागला हे ध्यानात आले नाही तर नवा सायलेन्सरही त्याच वाटेने जाईल. किनारपट्टीवर खाऱ्या हवेला दोष देण्याची रीत आहे आणि तो दोष काही अंशी खराही आहे, परंतु सायलेन्सर बहुधा आतून सडतो. पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडायला हवे. गाडी अर्धा-पाऊण तास चालली, तर सायलेन्सर शेपटापर्यंत तापतो आणि ही वाफ निघून जाते. तीन किलोमीटरच्या प्रवासात मात्र इंजिन जेमतेम तापते, सायलेन्सरचा मागचा भाग कोमटच राहतो, आणि वाफ तिथेच थंड होऊन तळाशी साचते. त्या पाण्यात धुरातले आम्लधर्मी घटक विरघळलेले असतात, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा पत्र्याला लवकर खाते. आठवड्यातून एकदा तरी गाडी गणपतीपुळ्यापर्यंत किंवा पावसपर्यंत नेऊन आणलीत, तर सायलेन्सरचे आयुष्य वाढेल. केवळ ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून दारात दोन मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय असेल, तर ती सोडा. सायलेन्सरसाठी त्याहून वाईट काही नाही.

येथेच एक शंका विचारून ठेवतो. तुम्हाला दिसलेले भोक गंजाचेच आहे ना? अनेक सायलेन्सरना तळाशी, सर्वांत खालच्या जागी, कंपनीने मुद्दाम एक बारीक गोल छिद्र ठेवलेले असते. साचलेले पाणी निघून जावे, हा त्याचा हेतू. त्यातून थेंब पडताना किंवा थोडा धूर येताना पाहून काही लोक ते एम-सीलने बुजवून टाकतात आणि मग वर्षभरात शेजारीच दुसरे, वेडेवाकडे भोक पडते. तुमचा आवाज फाटला आहे त्या अर्थी तुमचे भोक गंजाचेच असावे, पण पाण्याचे छिद्र बुजलेले नाही ना, हे याच वेळी पाहून घ्या, आणि वेल्डिंग करणाऱ्यालाही ते बंद न करण्याची सूचना द्या.

आता तुमच्या गॅरेजवाल्याच्या प्रस्तावाकडे वळतो. सायलेन्सरच्या आत जे पडदे, कप्पे आणि छिद्रे पाडलेल्या नळ्या असतात, त्यांच्यामुळे धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. कोणत्या कप्प्याची लांबी किती असावी, हे त्या इंजिनाच्या फेऱ्यांचा आणि त्यातून निघणाऱ्या आवाजाचा विचार करून ठरवलेले असते. हे सगळे काढून टाकले, म्हणजे उरतो तो पोकळ डबा. त्यातून सुरुवातीला घुमल्यासारखा आवाज येतो आणि त्यालाच ‘बेस’ म्हणण्याची पद्धत आहे. पण गाडी साठ-सत्तरच्या वेगाला गेली, की तोच आवाज डोक्यात घण घातल्यासारखा होतो आणि चिपळूणपर्यंत जाऊन येईस्तोवर नको नको होतो. मुख्य म्हणजे हे काम परत फिरवता येत नाही. कापलेल्या सायलेन्सरमध्ये मूळचे कप्पे पुन्हा बसवून देणारा कारागीर मिळत नाही, त्यामुळे आवाज आवडला नाही, पोलिसांनी अडवले किंवा गाडी विकायची वेळ आली, तर अखेर कंपनीचा नवा सायलेन्सर घ्यावाच लागतो. आज जो खर्च महाग वाटतो, तोच नंतर वेल्डिंगच्या खर्चाची भर घालून करावा लागेल.

पिकअपबद्दलचे आश्वासन तर मुळीच टिकणारे नाही. तुमच्या गाडीचे इंजिन ३४९ सीसीचे, ७२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८५.८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले आहे. त्याची कमाल ताकद मिनिटाला ६१०० फेऱ्यांना सुमारे २०.२ बीएचपी आणि कमाल टॉर्क ४००० फेऱ्यांना २७ न्यूटन मीटर आहे. लांब स्ट्रोकचे, संथ फिरणारे हे इंजिन खालच्या फेऱ्यांत जोर देण्यासाठीच घडवलेले आहे. त्याच्या ताकदीची मर्यादा व्हॉल्व्ह, कॅम, कम्प्रेशन आणि हवा आत घेणारा मार्ग या सगळ्यांनी मिळून ठरवली आहे, आणि बाहेरचे टोक मोकळे केल्याने आतले दार मोठे होत नाही. आवाज वाढला, की गाडी जोरात पळते असे चालवणाऱ्याला वाटते खरे. पण घड्याळ लावून पाहिले, तर फरक दिसत नाही.

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ असेही तुम्ही गॅरेजमध्ये ऐकाल, आणि तेही अर्धवट खरे आहे. इंजिनाला धुराचा अडथळा कधीच नको असतो. त्याला हवा असतो तो नळीतून जाणाऱ्या धुराचा वेग आणि लाटांचा योग्य मेळ, म्हणजे एक स्फोट झाल्यावर निघालेला धूर पुढे जाताना मागे कमी दाब निर्माण करतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून नेतो. नळी अति रुंद किंवा मार्ग अति मोकळा झाला, की हा वेग मंदावतो, मेळ बिघडतो आणि खालच्या फेऱ्यांतला जोर कमी होतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जी गाडी सहज चढत होती, तिला दुसरा गिअर मागावा लागतो, असा अनुभव पुष्कळांना येतो, तो यामुळे.

तुमची गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या भारत स्टेज-६ मानकांची आहे, हे या सगळ्यात विसरून चालणार नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोल सोडणारे जेट बदलून काहीतरी जमवून घेता येत असे. तुमच्या गाडीत इंजिनातून निघणाऱ्या बेंड पाईपवर ऑक्सिजन सेन्सर आहे आणि तो धुरात किती ऑक्सिजन शिल्लक आहे हे पाहून इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, सतत खबर देत असतो. इसीयू त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण कमी-जास्त करून हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखतो, कारण धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणात नीट काम करतो. संथ, एकसारख्या वेगात चालवताना ही दुरुस्ती आपोआप होते. पण पूर्ण रेस दिल्यावर इसीयू सेन्सरकडे फारसे न बघता ठरावीक तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो, आणि तो तक्ता मूळच्या सायलेन्सरसाठी लिहिलेला असतो. त्यामुळे मार्ग मोकळा केल्यावर मिश्रण नेमके जोर लागतो तेव्हा पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊ शकते आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापते. रेस सोडल्यावर मागून जे फटफट फटाके वाजतात, ते न जळलेल्या पेट्रोलाला गरम नळीत हवा मिळाल्याने होते; मुलांना ते ऐटीचे वाटते, पण वारंवार होत असेल तर कुठेतरी सांधा गळतो आहे असे समजावे.

सांध्याची गळती हा मुद्दा तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण कापाकापीनंतर ती हमखास होते. गळती सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटते मिश्रण पातळ झाले, आणि इसीयू गरज नसताना जादा पेट्रोल सोडत राहतो. मायलेज घटते, प्लग काळा पडतो, आणि मालक पंपावरच्या पेट्रोलला दोष देत बसतो. सांध्याभोवती काजळीचे काळे डाग दिसले, की गळती आहे असे खुशाल समजावे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कापायचे की बदलायचे या वादात खरी लक्ष्मणरेषा तिथे आहे. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेल्या या भागावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर असतो आणि तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर कमी घातक वायूंत करतो. काही गाड्यांत तो सायलेन्सरच्या पोटातच असतो. तुमच्या गाडीत तो बेंड पाईपमध्ये आहे. म्हणून केवळ मागचा सायलेन्सर बदलला तर तो जागच्या जागी राहतो, आणि बेंड पाईपसह सगळा संच बदलला तर तो जातो. ‘फुल सिस्टिम’ या नावाने जे विकतात, त्यात बहुतेक वेळा कन्व्हर्टर नसतो. गॅरेजमध्ये कोणी बेंड पाईप कापून ‘आतला दगड’ काढून देतो म्हणाला, तर गाडी तिथून घेऊन निघा. त्या दगडाला भंगारात चांगला भाव येतो, हेही त्या उत्साहामागचे एक कारण असू शकते.

आता वडिलांच्या बुलेटविषयी. त्या गाडीचे इंजिन ओतीव लोखंडाचे, ३४६ सीसीचे, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे होते. जड फ्लायव्हील, अत्यंत संथ आयडलिंग, हाताने लावलेले पॉइंट आणि टायमिंग, आणि थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नसणे, या सगळ्यांतून तो सुटा सुटा, मोजता येईल असा ठोका निघत असे. गंमत अशी, की ती गाडी मुळात फार मोठ्याने ओरडत नव्हती. दोन ठोक्यांमधल्या शांततेमुळे ती लांबून ओळखू येई. तुमच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, आयडलिंग इसीयू ठरवतो, आणि ठोके जवळजवळ पडतात. कोणताही सायलेन्सर लावला तरी तो असलेला आवाज मोठा करेल. ठोक्यांमधले अंतर वाढवणे त्याच्या हाती नाही. ओढ खरोखर त्या ठोक्याची असेल, तर एखादी जुनी बुलेट रीतसर कागदपत्रांसह घेऊन ती सांभाळणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो स्वस्त नाही, हेही सांगून ठेवतो.

कायद्याच्या बाबतीत दुकानदार एक युक्तिवाद ठरलेला करतात: आरसी बुकात सायलेन्सरचा उल्लेख नाही, मग तो बदलला तर बिघडले काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि हा युक्तिवाद फक्त तेवढ्याच कलमाला धरून चालतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा नियम १२० सांगतो, की प्रत्येक वाहनाला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. आतल्या जाळ्या काढलेला डबा या व्याख्येत बसत नाही. ध्वनी आणि हवा प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये नियमबाह्य सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून फारकत घेणारे बदल मान्य होणार नाहीत, असा स्पष्ट निर्वाळा दिला. आपल्या राज्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

आवाजाच्या आकड्यांतही पुष्कळ फसगत होते. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीसाठी मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि ती कंपनीने मॉडेलची मान्यता घेताना, धावत्या गाडीपासून साडेसात मीटर अंतरावर मोजली जाते. ‘आमचा सायलेन्सर फक्त ९० डेसिबलचा’ असे सांगणारा विक्रेता, तो आकडा याच पद्धतीने मोजलेला असेल तर, स्वतःच मर्यादेच्या दहा डेसिबल वर असल्याचे कबूल करत असतो, आणि डेसिबलमध्ये दहाचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सरकारी मर्यादा आहे. रात्रपाळीहून किंवा लग्नाहून उशिरा परतताना आळीतून जाणाऱ्या एका गाडीने किती घरे जागी होतात, याचा हिशेब शेजारी ठेवतात.

स्लिप-ऑनच्या बाजूने बोलायचे, तर त्यात दोन गोष्टी चांगल्या आहेत: कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर राहतात, आणि मूळचा सायलेन्सर अखंड राहिल्याने हवे तेव्हा परत बसवता येतो. अनेक स्लिप-ऑनमध्ये छिद्रांच्या नळीभोवती काचेच्या लोकरीचे भरण असते, त्यामुळे नवा असताना आवाज गोड लागतो. पण ते भरण हळूहळू जळून-उडून जाते आणि आवाज वाढत जातो, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते, जे आपल्याकडे फारसे कोणी करत नाही. काही परदेशी बनावटीच्या सायलेन्सरवर युरोपातल्या मान्यतेची ई-खूण असते. ती त्या ठरावीक मॉडेलसाठी तिकडच्या नियमांखाली दिलेली असते. आपल्याकडच्या तपासणीत तिचा उपयोग नाही. डीबी किलर (आवाज दाबणारा, स्क्रूने बसवलेला सुटा भाग) लावून विकतात, पण घरी आल्यावर तो स्क्रू काढायला किती वेळ लागतो, हे विकणारा आणि घेणारा दोघांनाही माहीत असते. शिवाय असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात तो वादाचा मुद्दा होऊ शकतो. तुमच्या बाबतीत तर आणखी अडचण आहे: मूळचा सायलेन्सर सडलेलाच आहे, त्यामुळे ‘नंतर परत बसवू’ हा स्लिप-ऑनचा सर्वांत मोठा फायदा तुम्हाला मिळतच नाही.

तेव्हा करायचे काम असे. सायलेन्सर उतरवून भोकाभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहा. पत्रा खणखणीत वाजला तर भोवतालचा भाग मजबूत आहे, दबला किंवा भुगा पडला तर तो संपला आहे. मग सायलेन्सर उभा करून हलवा. आत काही खुळखुळत असेल, तर पडदे सुटले आहेत आणि वेल्डिंगवर पैसे घालू नका. दोन्ही परीक्षांत उतरला, तर भोकापेक्षा चांगला मोठा, साधारण मूळच्याच जाडीचा पत्रा आर्गॉन वेल्डिंगने जोडून घ्या आणि त्यावर उष्णता सोसणारा रंग मारा; ठिगळ खालच्या बाजूला असल्याने क्रोमची शोभा फारशी जाणार नाही. वेल्डिंग गाडीवर सायलेन्सर असताना करू देऊ नका. घाईच्या गॅरेजमध्ये ते तसे करतात, आणि बॅटरीची तार न काढता केलेल्या वेल्डिंगने इसीयू जळाला, तर तो खर्च सायलेन्सरच्या कितीतरी पुढे जातो. परत बसवताना बेंड पाईप आणि सायलेन्सर यांच्यामधली सीलची रिंग नवी घाला.

नवा घ्यायचा झाला, तर अधिकृत विक्रेत्याकडे फक्त सायलेन्सरचा भाव विचारा. बेंड पाईप चांगला असेल, तर तो बदलण्याची गरज नाही, आणि पुष्कळदा सगळा संच गृहीत धरून सांगितलेल्या किमतीमुळेच माणूस दचकतो. बिलावर सुट्या भागाचा क्रमांक आणि गाडीचे मॉडेल लिहून घ्या. कंपनीच्या अॅक्सेसरी यादीत तुमच्या मॉडेलसाठी वेगळ्या आवाजाचा, मान्यताप्राप्त सायलेन्सर उपलब्ध आहे का, हेही तिथेच विचारा; असेल, तर तुमच्या हौसेला तो एकमेव निर्धोक मार्ग आहे. आणि हिवाळ्यात लांबच्या फेरीचा मुहूर्त काढाल तेव्हा निघण्यापूर्वी तळाचे ते बारीक छिद्र तारेने साफ करून घ्या.